रोममध्ये संत जस्टिनच्या मागावर

शुक्रवार, 30 मे

फ्युमिचिनो विमानतळावरून लिओनार्दो एक्सप्रेसनं अर्ध्या तासात तेर्मिनी स्टेशन गाठलं. डब्यात निम्मे लोक गळ्यात एकाच रंगाचे रुमाल बांधलेले. 2025 हे जुबिली वर्ष, म्हणजे कॅथलिक चर्चचं पवित्र वर्ष, आणि त्यात आजपासून रविवारपर्यंत कुटुंबांची, आजीआजोबांची जुबिली. ताईनं वसईत बसूनच हे पंचांग जुळवलं होतं. तिला संत पेत्राच्या महामंदिराच्या पवित्र दारातून, जे जुबिलीतच उघडतं, आत जायचं होतं. मला हवा होता दुसऱ्या शतकातला एक मास्तर. त्याचा सण 1 जूनला येतो, एवढ्यावर आमची तडजोड झाली.

मास्तर म्हणजे संत जस्टिन. आमच्याकडे या नावाची पोरं गल्लोगल्ली सापडतील, पण मूळ जस्टिन कोण, हे मला चाळिशीपर्यंत माहीत नव्हतं. त्याच्यापर्यंत मी उलट्या वाटेनं पोचलो. बरीच वर्षं मी मार्कस ऑरेलियसची टिपणं वाचत आलोय. रोमचा हा सम्राट रात्री छावणीत बसून स्वतःलाच उपदेश करायचा. पहिल्या भागात तो आपल्या गुरुजनांचे आभार मानतो आणि त्यांत एक नाव आहे युनियस रुस्तिकस. स्वभावाला सुधारणा लागते हे रुस्तिकसनं शिकवलं, पत्रं साधी लिहावीत हे शिकवलं, रागावलेला माणूस परत येऊ लागला की लगेच दिलजमाई करावी हे शिकवलं. स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटसची वचनंही त्यानंच, स्वतःच्या संग्रहातली प्रत देऊन, वाचायला लावली. असा गुरू आपल्याला का मिळाला नाही, असं वाटायला लावणारा तो उतारा आहे. पुढे कधीतरी, ख्रिस्ती म्हणून जस्टिनवर चाललेल्या खटल्याचं टिपण हाती आलं. न्यायाधीशाच्या जागी नाव होतं रोमचा नगरप्रमुख रुस्तिकस. माणूस तोच.

संध्याकाळी सामान टाकून पियात्सा कोलोन्नाला गेलो. शेजारी इटलीच्या पंतप्रधानांचं कार्यालय, त्यामुळे बंदूकधारी पोलीस, आणि मधोमध मार्कसचा स्तंभ. दांडा शंभर रोमन फुटांचा, म्हणजे सुमारे 30 मीटर. सभोवती सर्पिल पट्ट्यात जर्मानियातल्या लढाया कोरलेल्या आहेत. खालच्या वळणांत पावसाचा प्रसंग आहे. पंख पसरलेला एक म्हातारा देव, त्याच्या केसांतून, दाढीतून, बाहूंवरून पाणी ओघळतंय आणि खाली तहानलेलं रोमन सैन्य वाचतंय. तो पाऊस सैन्यातल्या ख्रिस्ती शिपायांच्या प्रार्थनेनं पडला, असं तेर्तुलियनसारखे ख्रिस्ती लेखक पुढे सांगू लागले. ज्याच्या राज्यात आपली माणसं मारली गेली, त्यालाच आपल्या प्रार्थनेचं श्रेय विकायची ही धडपड मला जरा केविलवाणी वाटते.

वर टोकाला मात्र मार्कस नाही, संत पौल आहे. पोप सिक्स्टस पाचव्यानं 1589 मध्ये तो चढवला आणि खाली लेख कोरताना स्तंभ अंतोनिनस पायसच्या नावावर लावला. अंतोनिनस म्हणजे मार्कसचा दत्तक बाप. "चारशे वर्षांत कोणी खोडलं नाही?" ताईनं विचारलं. ती तेहतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाली आहे. लाल शाई तिच्या बोटांतून अजून गेलेली नाही.

शनिवार, 31 मे

सकाळी कॅपिटोलिन टेकडी. चौकातला घोडेस्वार मार्कस ही प्रतिकृती, अस्सल ब्राँझ आत संग्रहालयात. उंची चार मीटरच्या वर, अंगावर मुलाम्याचे सोनेरी डाग अजून दिसतात. रोमन सम्राटांचे असे पुतळे पुढे वितळवून संपले. हा वाचला, कारण मध्ययुगात लोक त्याला कॉन्स्टंटाइन, म्हणजे पहिला ख्रिस्ती सम्राट, समजत होते. मार्कसला हे कळलं असतं तर त्यानं रात्री टिपणात काय लिहिलं असतं? त्याच्या टिपणांत ख्रिस्ती लोक एकदाच येतात, मरायची तयारी विचारातून यावी, त्यांच्यासारखी हट्टातून नको, अशा अर्थानं. ते शब्दही मागाहून कोणी घुसडले असं काही अभ्यासक म्हणतात.

पुतळ्यापुढे गर्दी होती. मला थांबायचं होतं ते कॉन्झर्व्हातोरी वाड्याच्या जिन्यावर. तिथं भिंतीत मार्कसच्या एका स्मारकावरचे मोठे संगमरवरी फलक बसवले आहेत. त्यातल्या एकात सम्राट बळी अर्पण करतोय. डोक्यावरून पदरासारखा घेतलेला तोगा, समोर तिपाई, उजवा हात तिच्यावर. धुपाची पेटी धरलेला पोरगा. मागे दुहेरी बासरी फुंकणारा, गाल फुगलेले. माणसांच्या गर्दीतून बैलाचं मुंडकं वर आलंय आणि त्याच्या बाजूला कुऱ्हाड घेतलेला उघड्या अंगाचा इसम. पार्श्वभूमीला याच टेकडीवरचं ज्युपिटरचं देऊळ. सम्राटाच्या चेहऱ्यावर भक्ती नाही, क्रौर्यही नाही. रोजचं काम नीट करणाऱ्या माणसाचा चेहरा आहे.

खटल्यात जस्टिनकडे मागितलं होतं ते एवढंच. देवांना बळी अर्पण करणं.

तिथंच जिन्याच्या कडेला उभं राहून ताईला सगळं सांगितलं. जस्टिन साधारण 100 साली शोमरोन प्रांतात फ्लाविया नेआपोलिस गावी जन्मला, आजचं नाब्लुस. बापाचं नाव प्रिस्कस, आजोबाचं बाखियस, घर मूर्तिपूजक. पोराला तत्त्वज्ञानाचं वेड. आधी एका स्टोइकाकडे गेला. त्याला देवाविषयी काही सांगायचंच नव्हतं. मग अ‍ॅरिस्टॉटलच्या पंथातला एक गाठला, त्यानं थोड्याच दिवसांत फीची बोलणी काढली. पायथागोरसवाला म्हणाला, आधी संगीत, खगोल आणि भूमिती शिकून ये. शेवटी प्लेटोवाद्यांकडे मन रमलं, आणि समुद्रकाठी एकटा फिरताना एक म्हातारा भेटला. त्यानं प्रश्न विचारून विचारून जस्टिनचा प्लेटो ढिला केला आणि इब्री संदेष्ट्यांकडे बोट दाखवलं. स्वतः जस्टिननंच हे ट्रायफो नावाच्या यहुद्याबरोबरच्या संवादात लिहून ठेवलंय. त्या गोष्टीला थोडं रंगरोगण असेल, पण फी मागणारा तत्त्वज्ञ इतका ओळखीचा वाटतो की तो तरी खरा असावा.

ख्रिस्ती झाल्यावर त्यानं तत्त्वज्ञाचा झगा उतरवला नाही. त्याच वेशात रोमला आला आणि येईल त्याला शिकवू लागला. त्याचं म्हणणं असं, की योहानाच्या शुभवर्तमानातला जो 'शब्द', म्हणजे ख्रिस्त, त्याचं बीज सगळ्या माणसांत पेरलेलं आहे. सॉक्रेटिस, हेराक्लाइटस हे विवेकानं जगले, तेही ख्रिस्ती, लोक त्यांना नास्तिक म्हणोत. जे जे कोणी चांगलं बोलून गेलं ते आम्हा ख्रिस्ती लोकांचं. याला औदार्य म्हणायचं की सगळ्यांची इस्टेट आपल्या नावावर करून घेणं, हे माझं अजून ठरत नाही. ताईचं मात्र लगेच ठरलं. "अरे, हे तर आपले टिळक. रेव्हरंड." नारायण वामन टिळक म्हणत की तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो. टिळक प्रोटेस्टंट, आम्ही कॅथलिक, पण ताईच्या वर्गात हा भेद कधीच नव्हता.

155 च्या सुमारास जस्टिननं सम्राटाला अर्ज लिहिला. वर अंतोनिनस पायसचं नाव, त्यासोबत त्याच्या दोन्ही दत्तक मुलांची. त्यातल्या एकाला तो 'तत्त्वज्ञ वेरिसिमस' म्हणतो. हे मार्कसचं लहानपणचं लाडकं नाव. खाली स्वतःचं, बापाचं, आजोबाचं नाव आणि गाव. सगळ्या जातीजमातींतल्या, अन्यायानं छळल्या जाणाऱ्या लोकांच्या वतीनं, 'आणि मी त्यांच्यातलाच एक'. मागणी साधी होती. नुसत्या नावासाठी शिक्षा देऊ नका, गुन्हा तपासा. आणि सुरुवातीलाच एक वाक्य: तुम्ही आम्हाला मारू शकता, आमचं वाईट करू शकत नाही.

हे वाक्य सॉक्रेटिसचं. त्याच्या खटल्यातलं. एपिक्टेटस तेच पुन्हा पुन्हा सांगतो. म्हणजे रुस्तिकसनं मार्कसला दिलेल्या प्रतीत आणि जस्टिनच्या अर्जात ते दोन्हीकडे होतं. आरोपी आणि न्यायाधीश एकाच पाठातून शिकलेले.

टेकडी उतरून फोरममध्ये, म्हणजे जुन्या रोमच्या चौकात, गेलो. ऊन असं की दगडाला हात लावायची सोय नाही. अंतोनिनस आणि फाउस्तिनाच्या देवळापुढे एका भिंतीच्या सावलीत बसलो. राणी वारली तेव्हा 141 मध्ये अंतोनिनसनं ते तिच्यासाठी बांधायला घेतलं आणि 161 मध्ये तो गेल्यावर त्याचंही नाव वर चढलं. ज्याच्याकडे अर्ज केला तो असा देव झाला. सहा उंच खांबांच्या मागे, देवळाच्या पोटात, आता सान लोरेन्झोचं चर्च आहे आणि त्याचं हिरवट दार जमिनीपासून कितीतरी वर, हवेत. बांधलं तेव्हा जमीन तिथवर आली होती. नंतर उत्खननात ती खाली गेली.

दुपारी सालारिया रस्त्यावर प्रिस्किलाची भुयारं पाहिली. तेरा किलोमीटरची दफनभुयारं, फोटोला बंदी, गाइडशिवाय प्रवेश नाही. तथाकथित ग्रीक चॅपेलमध्ये कमानीवर पंगतीला बसलेली माणसं आणि भाकरी मोडणारा हात रंगवलाय. भुयारं बघायला मी उत्साहानं गेलो खरा, पण गाइडनं वीस मिनिटांत बाहेर काढलं. ताईला गारवा आवडला.

रविवार, 1 जून

आज जस्टिनचा सण, पण रोममध्ये कुठेही त्याचा उत्सव नाही. 1 जून रविवारी आला, आणि इटलीत प्रभूच्या स्वर्गारोहणाचा सणही याच रविवारी. अशा वेळी संताचं स्मरण बाजूला पडतं. तिकडे पेत्राच्या चौकात नवे पोप लिओ कुटुंबांच्या जुबिलीची मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, करणार होते. ताईला ती गर्दी मोबाइलवर पाहूनच घाम फुटला. मग आम्ही उर्बाना रस्त्यावरच्या सांता पुदेन्झियानाला गेलो.

हे चर्च मुद्दाम निवडलेलं. खटल्यात रुस्तिकस विचारतो, तुम्ही जमता कुठं? जस्टिनचं उत्तर: ज्याला जिथं जमेल तिथं, आम्ही सगळे एकाच जागी जमतो असं तुला वाटतं का? रुस्तिकस सोडत नाही: तू शिष्यांना कुठं बोलावतोस ते सांग. तेव्हा तो पत्ता देतो. एका स्नानगृहाच्या वरच्या मजल्यावर राहतो, रोमला ही माझी दुसरी खेप, दुसरी जागा मला माहीत नाही, जो येईल त्याला शिकवतो. स्नानगृहाचं नाव प्रतीगणिक बदलतं. एका प्रतीतलं नाव तिमथीच्या जवळपास जातं. सांता पुदेन्झियानाच्या जागी पुदेन्सच्या मुलांची, नोवातस आणि तिमथी यांची, स्नानगृहं होती अशी जुनी रोमन परंपरा आहे, म्हणून काहींनी जस्टिनचं बिऱ्हाड इथं बसवलं. पुरावा लेचापेचा आहे. पण चर्चच्या भिंती दुसऱ्या शतकातल्या इमारतीच्या पोटातून वर आलेल्या आहेत एवढं पक्कं, आणि रस्त्यावरून आत जायला पायऱ्या उतराव्या लागतात.

आत गेलो आणि गंमत झाली. चर्च भरलेलं, आणि सगळे फिलिपिनो. रोममधल्या फिलिपिनो लोकांचं हेच हक्काचं चर्च. बहुतेक बायका. त्यांतल्या किती तरी जणी आठवडाभर इटालियन घरांत मुलं आणि म्हातारे सांभाळणाऱ्या, आज ठेवणीतले कपडे घालून आलेल्या. गाणी टागालोगमध्ये. वेदीमागे कमानीत 400 च्या सुमाराचं मोझेक. सोनेरी वस्त्रातला दाढीवाला ख्रिस्त सिंहासनावर, हातात उघडं पुस्तक, आजूबाजूला तोगा घातलेले प्रेषित, म्हणजे त्याचे शिष्य, मागे कौलारू शहर आणि आकाशात रत्नजडित क्रूस. प्रेषित बारा होते. सोळाव्या शतकातल्या दुरुस्तीत कडा कापल्या गेल्या आणि दहा उरले. इथला ख्रिस्त राजापेक्षा गुरुजी जास्त दिसतो आणि प्रेषित पहिल्या बाकावरच्या मुलांसारखे. जस्टिनला हे चित्र पटलं असतं. ते होईपर्यंत तो जाऊन दोन शतकं उलटली होती.

मिस्सा चालू असताना मी त्याचा अर्ज मनात ताडून पाहत होतो. सम्राटाला तो समजावतो की सूर्याच्या वारी शहरातले आणि खेड्यातले एकत्र जमतात. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांची लिखाणं वाचतात, 'वेळ असेल तोवर'. मग पुढारी उपदेश करतो. सगळे उभं राहून प्रार्थना करतात. भाकर, द्राक्षारस आणि पाणी आणलं जातं, पुढारी आपल्या कुवतीप्रमाणे उपकारस्तुती करतो, लोक आमेन म्हणतात. गैरहजर असतील त्यांच्याकडे सेवक वाटा पोचवतात. ज्यांना ऐपत आहे ते इच्छेप्रमाणे देतात, आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परगावाहून आलेले पाहुणे यांची सोय होते. क्रम तोच. आमच्या वसईतही तोच. सणाच्या दिवशी त्याचं नाव कोणी घेतलं नाही, पण तासभर सगळे त्यानं लिहून ठेवल्याप्रमाणेच चालले होते.

मिस्सा संपल्यावर शेजारच्या बाईंनी ताईला विचारलं, कुठून आलात. मग दोघींची मोडक्या इंग्रजीत जी जुंपली ती अर्धा तास. बाईंचा मुलगा मनिलाजवळ शिकतोय, सहा वर्षांत दोनदा भेट झाली. निघताना तिनं ताईच्या हातात केळीच्या पानात बांधलेला गोड भात ठेवला.

जस्टिनबरोबर धरलेले सहा जणही असेच जमलेले. खरितोन, खरितो नावाची बाई, पेऑन, लिबेरियन, आणि दोघांचं मूळ टिपणात आहे: युएल्पिस्तस कप्पदुकियाचा, सम्राटाच्या घरचा गुलाम; हिएराक्स फ्रुगियातल्या इकुन्याहून ओढून आणलेला. रुस्तिकस प्रत्येकाला विचारतो, जस्टिननं तुला ख्रिस्ती केलं का? हिएराक्स म्हणतो, मी आधीपासूनच आहे. पेऑन म्हणतो, आम्हाला आईबापांकडून मिळालं. युएल्पिस्तस म्हणतो, जस्टिनचं आनंदानं ऐकायचो, पण हे मला घरूनच आलंय. मास्तरला वाचवण्यासाठी असेल, किंवा खरंच तसं असेल. दोन्ही वाचनं मला आवडतात.

शेवटी रुस्तिकस जस्टिनकडे वळतो. तुला फटके मारून मुंडकं उडवलं तर तू स्वर्गात जाशील असं तुला वाटतं? जस्टिन म्हणतो, वाटत नाही, ठाऊक आहे. मग निकाल दोन ओळींत: देवांना बळी देण्यास आणि सम्राटाच्या आज्ञेस नकार देणाऱ्यांना फटके मारून शिरच्छेदासाठी न्यावे. साल 165 च्या सुमाराचं. टिपणात कुठेही आरडाओरडा नाही. रुस्तिकस चिडत नाही, जस्टिन भाषण ठोकत नाही. हिंस्र अधिकारी असता तर हुतात्म्याची गोष्ट सोपी झाली असती. इथं साधी पत्रं लिहायला शिकवणारा, दिलजमाईचा धडा देणारा माणूस दिवसाचं काम उरकतो.

सोमवार, 2 जून

प्रजासत्ताक दिन. फोरमजवळचे रस्ते संचलनासाठी बंद, म्हणून नदीच्या कडेनं चालत तिबेर बेटावर गेलो. फाब्रिचियो पूल इसवी सनापूर्वी 62 मधला, आणि आजही माणसं त्यावरून दवाखान्यात जातात. बेटावरच्या सान बार्तोलोमेओ चर्चमध्ये विसाव्या आणि एकविसाव्या शतकांतल्या हुतात्म्यांच्या वस्तू जपल्या आहेत. पाकिस्तानचे मंत्री शाहबाझ भट्टी यांचं बायबल इथं आहे, 2011 मध्ये इस्लामाबादेत त्यांना गोळ्या घातल्या. त्याच्याविषयी वाचून ताई बाकावर बसली आणि बराच वेळ उठली नाही.

इथं यायचं माझं कारण जरा खोडसाळ. जस्टिन सम्राटाला कळवतो की आमच्या शोमरोनातल्या शिमोन जादूगाराला तुम्ही रोमन लोकांनी देव केलंत. तिबेरमध्ये दोन पुलांच्या मध्ये त्याचा पुतळा आहे, खाली लॅटिनमध्ये 'पवित्र देव शिमोनास' असं लिहिलंय, कृपया काढून टाका. 1574 मध्ये याच बेटावर एका पुतळ्याचा पायथा सापडला. लेख शपथा सांभाळणाऱ्या जुन्या देवाच्या, सेमो सांकसच्या, नावाचा. परगावच्या विद्वानानं लॅटिन अक्षरं आपल्या ओळखीच्या नावात वाचली आणि थेट सम्राटाकडे तक्रार गुदरली! ताई इतकी हसली की आम्हाला दवाखान्याच्या दारातून शांत राहायची खूण झाली. "पेपर तपासणारे सगळे असेच," ती म्हणाली. दगड आता व्हॅटिकनच्या संग्रहात आहे.

पुलावर उभे असताना डोक्यावरून हवाई दलाची विमानं गेली, हिरवा-पांढरा-तांबडा धूर सोडत. दुपारची पवित्र दाराची वेळ नोंदवलेली होती. ताई त्या दारातून दोनदा गेली, एकदा स्वतःसाठी आणि एकदा आईसाठी. मी एकदाच.

विमानतळाच्या गाडीत तिनं विचारलं, हे सगळं त्याचं लिखाण टिकलं कसं. सांगितलं की दोन्ही अर्ज आणि ट्रायफोशी संवाद मुख्यतः एका हस्तलिखितावर तगून आहेत. 1364 मध्ये नकललेलं, पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात.

"पॅरिसचं तिकीट किती पडतं रे?"

"ताई, आधी या तिकिटाचे हप्ते फिटू देत."

"बघून तरी ठेव."

बोर्डिंगच्या रांगेत उभा राहून मी बघितलं.